जीवामृताच्या ड्रममध्ये झिंक किती?

रोवणी आटोपली की धानवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर हा मजकूर हमखास फिरतो: 'सेंद्रिय धानाला झिंक लागत नाही, जीवामृतातून (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आंबवून केलेल्या द्रावणातून) सगळं मिळतं. पानं तांबारली तर तो करपा (बुरशीचा रोग), दशपर्णी (दहा प्रकारच्या पाल्याचा अर्क) फवारा. झिंक सल्फेट घातलंत तर प्रमाणपत्र गेलंच समजा.'

पहिलं वाक्य साध्या हिशेबातच पडतं. एकरभर जीवामृताला शेण लागतं 10 किलो. पाणी वजा जाता सुकं उरतं जेमतेम 2 किलो. किलोमागे 100 मिलिग्रॅम झिंक, असं सढळ हाताने धरलं तरी अख्ख्या ड्रममध्ये 200 मिलिग्रॅम. एकरी 20 क्विंटल धान मात्र तणसासकट (पेंढ्यासकट) साधारण 100 ग्रॅम झिंक उचलतं. यावर उत्तर तयार असतं, 'जिवाणू जमिनीतलं झिंक मोकळं करतात.' करतात, पण मुळात असेल तेवढंच. त्यात जमीन चुनखडीची आणि बांधीत (धानाच्या खाचरात) सतत पाणी असेल, तर असलेलं झिंकही मुळांच्या हाती लागत नाही. तिथे पाणी काढून बांधी थोडी सुकू देणं जास्त कामाचं. याच मापाने 5 टन कुजलेल्या शेणखतात (निम्मं पाणी धरून) 250 ग्रॅम झिंक निघतं. भरवसा ठेवायचाच तर उकिरड्यावर ठेवा. आणि तणस जाळू नका, विकू नका. पिकाने उचललेल्या झिंकचा मोठा वाटा त्यातच असतो.

करप्याचं म्हणाल तर वाकून पाहा. करप्याचा ठिपका दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये राखाडी. झिंक कमी पडलं की रोवणीनंतर दोन-चार आठवड्यांत खालच्या जुन्या पानांवर गंजासारखे बारीक डाग पडून एकमेकांत मिसळतात, नव्या पानाची मधली शीर बुडाशी पांढुरकी होते आणि बांधीत ठिकठिकाणी धान खुजं राहतं. हा खैरा. त्याचं मूळ झिंकच्या कमतरतेत आहे, हे पंतनगरच्या कृषी विद्यापीठातले शास्त्रज्ञ यशवंत नेने यांनी 1966 मध्येच दाखवून दिलं. दशपर्णीने त्याला काय होणार?

प्रमाणपत्राची भीती तर निव्वळ ऐकीव. आपल्या एनपीओपी मानकांत (भारताच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या नियमांत) झिंकसारख्या सूक्ष्म अन्नद्रव्यांना बंदी नाही, मर्यादित वापराची मुभा आहे. गरज प्रमाणन संस्थेला पटवावी लागते. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांतही झिंक सल्फेट चालतं, मुख्य अट ही: माती किंवा पानाच्या तपासणीने, नाहीतर प्रमाणन संस्थेला मान्य अशा दुसऱ्या पडताळता येणाऱ्या पुराव्याने कमतरता दाखवता आली पाहिजे. म्हणजे दर हंगामी सवयीने टाकायची ही वस्तू नव्हेच. मृदा आरोग्य पत्रिकेत झिंक 0.6 पीपीएमच्या (किलोभर मातीत 0.6 मिलिग्रॅमच्या) खाली असेल, तर अहवाल जोडून संस्थेला आधी लेखी विचारा. मातीचा नमुना मात्र चिखलणीआधी, कोरड्या बांधीतून घ्या.