सोरायसिसची खपली म्हणजे कोलेस्टेरॉल नव्हे

‘सोरायसिसच्या खपल्यांतून कोलेस्टेरॉल बाहेर पडतं, म्हणून हृदय सुरक्षित राहतं’ असा मेसेज ठाण्यात नौपाड्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. हे साफ चूक आहे. सोरायसिस हा त्वचेचा आजार आहे. कोपरावरची ती चंदेरी खपली म्हणजे भराभर वाढलेल्या त्वचेच्या पेशी. रोगप्रतिकारशक्ती बिथरून होणारा दाह रक्तवाहिन्यांनाही भोवतो. आजार तीव्र असेल तर हार्ट अटॅकचा धोका उलट वाढतो. अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या २०१८च्या कोलेस्टेरॉल मार्गदर्शिकेत सोरायसिसची तशी नोंदच आहे.

शेजारच्या काकांनी मेसेज वाचून कोलेस्टेरॉलची गोळी थांबवली. अर्धी पट्टी फ्रिजवर तशीच पडलेली पाहिली आणि पोटात गोळा आला. कृपा करून असं करू नका! सोरायसिससाठी ॲसिट्रेटिन किंवा सायक्लोस्पोरिन हे औषध चालू असेल तर लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी कराच, या औषधांनी चरबीचे आकडे चढू शकतात.