गाडीत बदल केला की गुन्हा, रस्त्यात कोणीही करावा

नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या आतल्या ज्या कॉलनीतून मी रोज घरी जातो, तिथे परवा रात्रीतून एक नवा गतिरोधक तयार झाला आणि काल संध्याकाळी त्याने माझ्या होंडा सिटी व्हीटेकचे ऑइल चेंबर, म्हणजे इंजिनाखालचे तेलाचे भांडे, फोडले. त्यावर पट्टे नाहीत, अलीकडे फलक नाही, जवळ दिव्याचा खांब नाही. डांबर ओतले, फावड्याने थापले आणि माणसे निघून गेली. मी टेप लावून मोजले. उंची साडेसहा इंच, रुंदी जेमतेम दोन फूट. इंडियन रोड्स काँग्रेसचे आयआरसी ९९ हे मानक १९८८ पासून छापील स्वरूपात उपलब्ध आहे. त्यानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच हवा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने येणारी गाडी त्यावरून सहज पार होते. शिवाय ४० मीटर अलीकडे फलक हवा आणि वर काळे-पांढरे पट्टे हवेत. इथे पुढची चाके पलीकडे उतरली आणि गाडीचे पोट त्या ढिगाऱ्यावर बसले. मी चालत्या माणसाच्या वेगाने जात होतो, तरीही घरापर्यंत रस्त्यावर तेलाची धार लागली.

त्यावर बाल्कनीतून सल्ला आला, "अहो, गाडी खाली केलीत ना, मग घासणारच!" या वाक्याइतका संताप मला त्या डांबराचाही आला नाही. गाडीची उंची कमी करणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग्ज मी पंधरा वर्षांनंतरच्या पुनर्नोंदणीच्या वेळीच काढून मूळच्या बसवल्या. गाडी आज कारखान्याने ठरवलेल्या उंचीवर उभी आहे. पण एकदा गाडीला अलॉय व्हील दिसले की माणूस दोषी ठरलेलाच असतो.

ही २००२ ची होंडा सिटी १.५ व्हीटेक आहे. कागदावर चार दारांची घरगुती गाडी, पण १४९३ सीसीच्या त्या इंजिनातून १०६ हॉर्सपॉवर निघते, आणि त्या काळी या किमतीत असे इंजिन दुसरे कोण देत होते? इंजिनाचे फेरे, म्हणजे आरपीएम, वर चढले की तेलाच्या दाबाने व्हॉल्व्ह हलवणाऱ्या रॉकरमधल्या पिना सरकतात, व्हॉल्व्ह कॅमच्या उंच बाजूवर चालू लागून जास्त उघडतात आणि आवाजच बदलतो. हे सगळे तेलावर चालते, म्हणून चेंबर फुटणे म्हणजे पत्र्याला पोचा येणे नव्हे. मी या गाडीला ४-२-१ हेडर (धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा संच), हवा आत घेणारा मोठा इनटेक, पुढे सांगाडा घट्ट धरणारा स्ट्रट बार आणि १९५/५० चे १५ इंची टायर लावले. रॅली ऑफ महाराष्ट्र या मोटार शर्यतीच्या गाड्या पाहत वाढलेल्या नाशिककराला गाडी वळणात कशी बसायला हवी हे कळते, आणि त्र्यंबकच्या पुढे तोरंगण घाटात ती तशी बसत असे. प्रत्येक भाग एकेक करून, पैसे साठवून, कुर्ल्यापर्यंत हेलपाटे मारून आणलेला आहे. सायलेन्सर तर मी मुद्दाम शांत निवडला, कारण कॉलेज रोडवर रात्री अकराला फटाके फोडत जाणाऱ्या बुलेटवाल्यांचा मला तिटकारा आहे. त्यांच्यामुळे गाडीवर मनापासून काम करणारा प्रत्येक माणूस बदनाम होतो.

आणि कायदा कोणासाठी कडक आहे? मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ नुसार परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. एप्रिल २०२२ पासून जुन्या मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले, तेही मी भरले, वर पर्यावरण कर भरला. आता बहुतेक पंपांवर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलशिवाय काही मिळत नाही आणि २००२ च्या रबरी नळ्या त्यासाठी बनलेल्याच नव्हत्या, म्हणून त्या बदलण्याचा खर्चही माझाच. विम्याच्या सर्व्हेअरने एका जुन्या दाव्यात "मॉडिफाइड" एवढा एकच शब्द लिहून हात झटकले होते. मी गाडीचा एक नट बदलला तर मला पावती, परवाना आणि खुलासा द्यावा लागतो. हजारो माणसे ज्यावरून जातात त्या रस्त्याचा आकार मात्र कोणीही रात्रीतून बदलावा आणि त्याला नावही विचारले जाऊ नये, हे मला मुळीच मान्य नाही.

आज सकाळी संबंधित कार्यालयात मोजमापे आणि फोटो घेऊन गेलो. तिथे उत्तर मिळाले की तो गतिरोधक आमच्या नोंदीत नाही. तुमच्या नोंदीत नसेल तर तो बेकायदा आहे, मग उद्याच्या उद्या उखडा, असे मी लेखी दिले आहे आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेऊनच बाहेर पडलो.