तिसरीचा नंबर कितवा?

खासगी शाळांच्या शुल्कावर अंकुश राहावा म्हणून महाराष्ट्राने 2011 मध्ये जो कायदा केला, त्याने शाळाशाळांत पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती आणली, आणि त्या समितीवरचे पालक इच्छुकांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून निवडावेत, अशी सोय केली. कायदा करणाऱ्यांचा हेतू निःसंशय चांगला होता. मात्र नवऱ्याची इच्छा त्याच्या नकळत बायकोने लेखी कळवली तर काय करावे, याचा विचार त्यांनी केला नसावा. तिसरीच्या पालकांचा प्रतिनिधी निवडायला तिसरीतल्याच एका चिमुरडीने बरणीत हात घालून माझ्या नावाची चिठ्ठी काढली, आणि ज्यांची नावे निघाली नव्हती त्या सर्वांनी मनापासून टाळ्या वाजवल्या.

समितीचे कायदेशीर काम म्हणजे शुल्काच्या प्रस्तावावर विचार करणे. ते काम वर्षातला फार थोडा वेळ खाते. उरलेला सगळा काळ मी पालकांना त्यांच्या मुलांची शाळा समजावून सांगण्यात घालवतो, आणि नागपुरात मे महिन्यात भर दुपारी छतावर कुलरला पाणी भरणे एक वेळ परवडले, पण हे काम नको, अशा निष्कर्षाला आलो आहे.

पालकांना शाळा समजत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांना शाळा उत्तम समजते. फक्त ती ते स्वतः ज्या शाळेत शिकले ती असते. त्या शाळेत कोणी पहिला येत असे, कोणी नापास होत असे, आणि दोघांचीही नावे गल्लीला ठाऊक असत. त्यामुळे प्रगतिपत्रक हाती पडताच माझा फोन वाजतो आणि पहिला प्रश्न येतो, “नंबर कितवा आला?” राज्यात 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले, त्यात श्रेणी असतात आणि नंबर नसतो, हे मी सांगतो. पलीकडे शांतता पसरते, आणि मग कोणीतरी दबक्या आवाजात विचारते, “पण तुम्हाला तर माहीत असेल ना?”

या बाबतीत आमच्या इमारतीतल्या, कोषागारातून निवृत्त झालेल्या आजोबांनी माझी जी उलटतपासणी घेतली, ती मी विसरणार नाही. अ-1 म्हणजे 91 ते 100 टक्के, अ-2 म्हणजे 81 ते 90, असे मी समजावत खाली खाली उतरत होतो, तेवढ्यात त्यांनी मला थांबवले.

“म्हणजे एक्क्याण्णववाला आणि शंभरवाला दोघेही अ-1? हे कोणत्या ऑडिटमध्ये बसते जी?”

“आजोबा, मुलांची एकमेकांशी तुलना होऊ नये, असा हेतू आहे.”

“बरं. मग पहिला कोण आला, तेवढं सांगा.”

“कोणीच नाही.”

“आणि शेवटचा?”

“तोही नाही.”

“म्हणजे परीक्षा झालीच नाही म्हणा ना!”

आजोबा तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी इमारतीतल्या तिसरीच्या मुलांना चॉकलेटे देऊन विषयवार श्रेणी काढून घेतल्या, अ-1 साठी साडेपंचाण्णव अशी मधली संख्या धरून रीतसर तक्ता मांडला, आणि गुणानुक्रम लावला. त्यात त्यांचा नातू तिसरा आला. इमारतीत तिसरीतली मुले तीनच आहेत. तेव्हापासून श्रेणीपद्धतीत काही गुण आहेत, असे त्यांचे मत झाले आहे.

श्रेणीपेक्षाही अवघड प्रकरण म्हणजे आकारिक आणि संकलित. तिसरीला वर्षभर वर्गात चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनाचा भार साठ टक्के आणि सत्राच्या शेवटी होणाऱ्या संकलित परीक्षेचा चाळीस टक्के असतो. याचा सरळ अर्थ असा की, ज्या परीक्षेसाठी घरातला टीव्ही बंद होतो, आई रजा टाकते आणि पाहुण्यांना परस्पर मावशीकडे वळवले जाते, ती परीक्षा निम्म्याहून कमी किमतीची असते. मोठा हिस्सा वर्षभर कोणाचे लक्ष नसताना वर्गात ठरत असतो. हे ऐकून एका बाबांनी साठ टक्क्यांवर जोर लावायचे ठरवले आणि साधनांची यादी मागितली. मी दिली: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय. त्यांनी ती दोनदा वाचली आणि विचारले, “दैनंदिन निरीक्षणाचं गाइड बर्डीच्या बाजारात मिळते का?”

प्रकल्पाविषयी न बोललेलेच बरे. पर्यावरण वाचवा या विषयावरचा जो प्रकल्प आमच्या घरासमोरून मिरवत शाळेत गेला, तो संपूर्ण थर्माकोलचा होता आणि त्याला पकडण्यासाठी दोन प्रौढ माणसे लागली. ज्याचा तो प्रकल्प, तो मुलगा मागून डबा घेऊन चालत होता. त्याला ब-1 मिळाला, तेव्हा त्याच्या बाबांनी जेवण सोडले.

प्रगतिपत्रकात वर्णनात्मक नोंदीही असतात, आणि मोठ्या वर्गातल्या प्रत्येक मुलासाठी, प्रत्येक विषयाला नवे वाक्य सुचणे कोणत्याही शिक्षिकेला अशक्य असल्याने अशा नोंदींचे तयार संच शिक्षकांत फिरत असतात. मला त्यात वावगे वाटत नाही. परंतु दोन आयांनी प्रगतिपत्रके शेजारी ठेवून पाहिली, आणि दोघींच्याही मुलांच्या नावापुढे “परिसरातील घटकांविषयी कुतूहल दाखवतो” असे निघाले, तेव्हा एकीने मला कळवले की, कुतूहल मुळात तिच्या मुलाचे आहे आणि शेजारी बसणाऱ्याने ते बघून लिहिले आहे.

पुण्याच्या नातेवाइकांमुळे जून महिन्यात जी धांदल उडते, ती वेगळीच. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या आठवडा-दोन आठवडे मागाहून सुरू होतात. तेवढ्या काळात पुण्याची भाची गणवेशातला फोटो पाठवते आणि इकडे आपले पोरगे कुलरसमोर बनियनवर लोळत असते, हे दृश्य पालकांना सहन होत नाही. “ते पोट्टे पुढे जाऊन राहिले ना जी!” शिक्षण हक्काच्या कायद्यात पहिली ते पाचवीसाठी किमान 200 दिवस कामकाज सांगितले आहे, असे मी म्हणतो; त्यावर ते दिवस पुण्यात आधी सुरू होतात, हा मुद्दा मला मान्यच करावा लागतो. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, लाकडी नंदी केवढा न्यावा आणि शाळा बोजारा, म्हणजे सणाची बक्षिसी, देणार का, या प्रश्नांना तर मी आता उत्तरच देत नाही.

या सगळ्यांत एक पालक वेगळे निघाले. ते ऑटो चालवतात. त्यांच्या मुलीला शिक्षण हक्काच्या पंचवीस टक्के राखीव जागांवर सोडतीतून प्रवेश मिळाला, आणि माझे पदही चिठ्ठीतून आलेले असल्याने आमच्यात एक प्रकारचा सोडतबंधुभाव आहे. त्यांनी नंबर विचारला नाही. त्यांनी विचारले, “भाऊ, पोरगी खरंच शिकून राहिली का नाही, हे मले घरी कसं समजायचं?” प्रतिनिधी झाल्यापासून मला विचारलेला हा पहिला शहाणा प्रश्न होता. केंद्र सरकारच्या 2021 च्या निपुण भारत अभियानात यासाठी सोप्या खुणा दिल्या आहेत: तिसरीच्या अखेरीस मुलाने अनोळखी मजकूर मिनिटाला किमान साठ शब्द या गतीने अर्थ समजून वाचावा, 9999 पर्यंतच्या संख्या वाचाव्यात, लिहाव्यात, आणि गुणाकाराची साधी उदाहरणे सोडवावीत. एवढे मी त्यांना सांगितले, आणि इतरांनाही उपयोग व्हावा म्हणून वर्गाच्या ग्रुपवर टाकले.

कित्येक वर्षांच्या उपवासानंतर पालकांच्या ताटात अखेर एक आकडा पडला होता. त्याच रात्री घरोघरी मोबाइलची स्टॉपवॉच सुरू झाली. ग्रुपवर आलेल्या पहिल्या ध्वनिफितीत एका मुलाने मिनिटात 112 शब्द वाचले, गोष्टीतल्या कावळ्याने शेवटी काय केले, असे मॅडमनी दुसऱ्या दिवशी वर्गात विचारल्यावर त्याने “कोणता कावळा?” असे विचारले. आजोबांनी नवा तक्ता काढला. एकांनी वेगवान वाचनाचा क्लास कुठे आहे याची चौकशी केली. शेवटी मॅडमनी ग्रुपवर एकच ओळ लिहिली, “वाचन अर्थासह अपेक्षित आहे,” आणि ती ओळही एकांनी किती सेकंदांत वाचली ते कळवले.

आठवडाभराने ऑटोवाल्या भाऊंचा फोन आला. पोरगी पुस्तकातले धडे साठाच्या वर वाचते आणि गोष्ट पुन्हा सांगते, म्हणून ते खुशीत होते. “फक्त एक घोळ आहे जी. शाळेच्या ऑफिसातून अपार आयडीची, त्या पोरांच्या ओळख क्रमांकाची, नोटीस आली ना, आधारवरचं नाव जुळवायची, ती वाचायला दिली तर वीसवरच अटकते. आणि समजत तर मलेही नाही. तुम्ही जरा सांगा ना.”

मी ती नोटीस काढली. “उपरोक्त विषयास अनुसरून सर्व संबंधित पालकांस सूचित करण्यात येते की” इथून ती सुरू होते आणि पूर्णविराम दुसऱ्या पानावर आहे. मी घड्याळ लावून वाचली. गतीत मी बसतो. अर्थाचे मात्र मी भाऊंकडून उद्यापर्यंतची मुदत घेतली आहे.