पॉवर सप्लायच्या पंख्याची वायर तोडणाऱ्यांनो, जरा थांबा

काल रात्री भाच्याने फोटो पाठवला. टेबलावर एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) उताणा, चारपैकी तीन स्क्रू बाहेर, वॉरंटीचं स्टिकर फाटलेलं. खाली प्रश्न: "मामा, पंख्याची वायर कोणती?" कारण काय, तर तो सगळीकडे फिरणारा 'पीसीचा आवाज कायमचा बंद' मेसेज. आधी त्याला फोन केला, मग हे लिहायला बसलो.

मेसेज म्हणतो, सप्लायमधला पंखा तोडा, नवे सप्लाय आपोआप थंड राहतात. साफ खोटं, आणि जिवावर बेतणारं. 230 व्होल्ट एसीचे आत सव्वातीनशे व्होल्ट डीसी होतात. ॲक्टिव्ह पीएफसी (मेनमधून वीज नीट ओढणारं सर्किट) असेल तर मोठ्या कपॅसिटरवर, म्हणजे चार्ज साठवणाऱ्या भागावर, 380-400. "पण मी प्लग काढलाय की!" भाचा म्हणाला. अरे, प्लग काढल्यावरही तो चार्ज आत टिकून राहू शकतो! आणि शॉक नाही बसला, तरी दहा अंश तापमान वाढलं की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. फॅनलेस सप्लाय मिळतात, पण ते मुळातच तसे बांधलेले असतात. पंखा काढून ते बनत नाहीत.

मेसेजचा पुढचा दावा: 'गोल्ड म्हणजे सायलेंट.' गोल्ड हा 80 प्लस या सप्लायच्या कार्यक्षमतेच्या प्रमाणपत्राचा एक दर्जा. त्याची मूळ 115 व्होल्टची चाचणी बघा: 20, 50 आणि 100 टक्के लोडवर गोल्डला 87, 90, 87 टक्के कार्यक्षमता लागते. डेसिबलचा त्यात उल्लेखच नाही. उष्णता कमी होते, एवढंच.

मग, 'बाराशे वॅटचाच घ्या.' बरं, यात अर्धं तथ्य आहे. लोड कमी असताना पंखा बंद ठेवणारे सप्लाय असतात आणि मोठ्या सप्लायमध्ये तो जास्त वेळ बंद राहतो. पण साठ वॅटवर रेंगाळणाऱ्या पीसीला बाराशे म्हणजे पाच टक्के लोड. तिथे कार्यक्षमता घसरते.

'पंखे कमी, आवाज कमी.' उलट आहे. तसाच दुसरा पंखा लावला तर 3 डेसिबल वाढतात. वेग निम्मा केला तर साधारण 15 उतरतात. एका वेगवान पंख्याऐवजी दोन निम्म्या वेगाने फिरवा, हिशेब तुम्हीच करा.

केसचं साइड पॅनल उघडं ठेवा, या सल्ल्याबद्दल काय बोलणार? आवाजाला दारच उघडून दिलं.

भाच्याचा सप्लाय मुळात ओरडतच नव्हता. केसचा तीन पिनांचा पंखा मदरबोर्डवरच्या पीडब्ल्यूएम मोडवर (चौथ्या पिनेतून वेग ठरवणाऱ्या) ठेवलेल्या हेडरला, म्हणजे पंख्याच्या जोडणीला, लावला होता, म्हणून सतत पूर्ण वेगाने फिरत होता. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) डीसी मोड, म्हणजे व्होल्टेजने वेग ठरवणारा, निवडला, दोन मिनिटांत शांत. स्टिकर मात्र गेलं ते गेलंच.