लिंबू-शॅम्पू, डॉगरिज आणि ‘फुकट पगार’: फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

शेतकरी गटांत एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. आशय असा: बेंगळुरूची भारतीय फलोत्पादन संशोधन संस्था (आयआयएचआर) 1967पासून फुकट पगार खाते. तिचे वाण बाजारात दिसत नाहीत, महाराष्ट्रातल्या बागा शेतकऱ्यांनीच उभ्या केल्या, आणि हे शास्त्रज्ञ फवारणीत लिंबू-शॅम्पू घालायला सांगतात; वर बेंगळुरूचं आमच्याशी काय, असा सवाल. एकेक मुद्दा घेऊ.

‘लिंबू-शॅम्पू’ची चेष्टा सर्वांत जास्त होते, म्हणून आधी तीच. बेंगळुरूजवळ हेसरघट्ट्याला असलेल्या या आयआयएचआरने भाजीपाला, केळी आणि आंब्यासाठी सूक्ष्म अन्नद्रव्यांची मिश्रणं काढली. केळीसाठीचं प्रमाण 15 लिटरच्या पंपाला 75 ग्रॅम भुकटी, दोन मध्यम लिंबांचा रस आणि शॅम्पूची एक पुडी. आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुधा क्षारयुक्त आणि विम्लधर्मी (अल्कधर्मी) असतं. अशा पाण्यात जस्त आणि लोह गाळ होऊन तळाशी बसतात, पानापर्यंत पोचत नाहीत. लिंबाच्या रसाने पाण्याचा सामू (पीएच) खाली येतो आणि ती विरघळलेली राहतात. केळीच्या पानावर मेणाचा थर असतो. साध्या पाण्याचे थेंब त्यावरून मोत्यासारखे घरंगळतात. शॅम्पूमुळे ते पसरून चिकटतात. म्हणून रस आधी, भुकटी नंतर. केळीला लागवडीनंतर पाचव्या महिन्यापासून महिन्यातून एक फवारणी. ती भर दुपारच्या उन्हात घेऊ नये, पानं करपतात. शेतकऱ्याच्या घरात असलेल्या दोन वस्तूंत महागड्या स्टिकरचं (फवारा पानाला चिकटवणाऱ्या रसायनाचं) काम भागवलं, यात हसण्यासारखं काय आहे?

आता ‘बागा शेतकऱ्यांनीच उभ्या केल्या’. यातला अर्धा भाग खरा आहे आणि तो मानानेच सांगायला हवा. तास-ए-गणेश हा द्राक्षाचा वाण बोरगावच्या वसंतराव आर्वे यांच्या निवडीतून आला, तर सोनाका हा दुसरा वाण नान्नजच्या नानासाहेब काळे यांच्या. पण वेलीचं खोड जमिनीपाशी न्याहाळा. कलमाचा जोड दिसेल आणि त्याखाली बहुतेक ठिकाणी डॉगरिज हा खुंट, म्हणजे ज्याच्या मुळांवर वरचा वाण कलम केलेला असतो तो. पाण्याचा ताण आणि क्षार सोसणारे खुंट पारखण्याचं काम आयआयएचआरमध्ये झालं, पुढे ते 1997मध्ये सुरू झालेल्या पुण्याजवळच्या मांजरीच्या द्राक्ष केंद्राने नेलं. घड शेतकऱ्याच्या निवडीचा, मुळं संशोधनाची. हा जोड मातीत गाडला गेला तर वरच्या वाणाला स्वतःची मुळं फुटतात आणि खुंटाचा सगळा फायदा जातो. मातीची भर देताना नेमकी हीच चूक होते. डॉगरिजच्या मर्यादाही आहेत. तो वाढीला फार जोरकस असतो. सोडियम जास्त असलेल्या जमिनीत काही वर्षांनी वेल सोडियम जास्त आणि पालाश (पोटॅशियम) कमी घेते, पानांच्या कडा वाळतात. तिथे 110 आर खुंट बरा. हेही संशोधकांनीच दाखवून दिलं.

‘वाण दिसत नाहीत’ हा गैरसमज कसा होतो ते समजून घ्या. संस्था दुकान चालवायला बसलेली नाही. ती पैदासकार बियाणं, म्हणजे वाणाचं मूळ बी, थोड्या प्रमाणात करते. त्यापासून पायाभूत आणि पुढे प्रमाणित बियाणं महामंडळं आणि कंपन्या वाढवतात; संकर वाण परवाना घेऊन बनवले जातात. हातात पडणाऱ्या पुडक्यावर ठळक नाव विकणाऱ्याचं असतं. नावापुढे ‘अर्का’ असेल तर उगम हेसरघट्ट्याचा. अर्का अनामिका भेंडी रानटी नातलगाशी संकर करून काढली, केवडा (हळद्या) रोगाविरुद्ध. विषाणू बदलत गेला तशी तिची ती ताकद आता पहिल्यासारखी उरलेली नाही, त्यामुळे पांढऱ्या माशीचा बंदोबस्त करावाच लागतो. अर्का रक्षक टोमॅटो लीफ कर्ल, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तोंड देतो. तो संकर आहे. घरचं बी धरलं तर पुढच्या पिढीत झाडं विस्कळीत निघतात, आणि मग दोष वाणाला लागतो.

हापूसचा साका कोकणात कुणाला सांगायला नको. बाहेरून निर्दोष फळ, कापलं की कोयीभोवती फिकट, आंबट, भुसभुशीत गर. फळ झाडावरच पूर्ण पिकू दिलं की कोय आतल्या आत रुजायला लागते आणि तिच्याकडून गर बिघडतो, ही उकल याच संस्थेच्या संशोधनातून पुढे आली. चौदा आणे तयार (पूर्ण पिकण्याच्या जरा आधीचं) फळ काढायचं आणि झाडाखाली गवताचं आच्छादन घालून जमिनीची धग कमी करायची, हा उपाय त्याच्याशी जुळतो. हापूस आणि बनगनपल्लीच्या संकरातून काढलेल्या अर्का पुनीतमध्ये साका येत नाही. दापोली कृषी विद्यापीठाच्या रत्नामध्येही तो नाही, आणि हे श्रेय दापोलीचंच.

‘बेंगळुरूचं आमच्याशी काय?’ संत्र्यासाठी नागपूर, कांदा-लसणासाठी राजगुरुनगर, द्राक्षासाठी मांजरी, डाळिंबासाठी सोलापूर, अशी भारतीय कृषी संशोधन परिषदेची स्वतंत्र केंद्रं महाराष्ट्रातच आहेत. तेलकट डागाचा प्रश्न घेऊन डाळिंबवाल्याने हेसरघट्ट्याला नव्हे, सोलापूरला जावं. अनुदान मात्र यांपैकी कुणीच देत नाही; ते फलोत्पादन अभियान आणि राज्याच्या कृषी विभागाकडे असतं. अनुदान अडलं तर जाब तिथे विचारा.