स्कोअर चांगला आला म्हणजे भौतिकशास्त्र आलं का?

"समीकरणांचे दिवस संपले. एआयला वातावरण कळलंय. हवामानाचा दहा दिवसांचा अंदाज तो मिनिटात देतो, सुपरकॉम्प्युटर भंगारात काढा." अशा अर्थाचा मजकूर सध्या भरपूर फिरतोय. मिनिटाचं खरं आहे. २०२३ मध्ये ग्राफकास्ट या गूगल डीपमाइंडच्या एआय मॉडेलने १,३८० पैकी ९० टक्के निकषांवर युरोपीय हवामान अंदाज केंद्राच्या पारंपरिक, भौतिकीची समीकरणं सोडवणाऱ्या मॉडेलला मागे टाकलं, हेही खरं. बाकीचं बघू.

"समीकरणांशिवाय शिकलं." शिकलं ते ईआरए-५ या मागच्या हवामानाच्या माहितीसाठ्यावर, आणि ती काही निरीक्षणांची नुसती वही नाही. विखुरलेल्या नोंदी भौतिकीवर चालणाऱ्या मॉडेलमध्ये मुरवून जगभराचं तासातासाचं चित्र त्यात उभं केलंय. म्हणजे शिकवणी समीकरणांच्याच घरी झाली!

"स्कोअर चांगला, म्हणजे वातावरण कळलं." खरी गोम इथेच आहे. समजा, मॉडेलने पावसाचा जोरदार पट्टा हुबेहूब दाखवला, पण शंभर किलोमीटर बाजूला. त्याला दोनदा मार बसतो: पडला तिथे दाखवला नाही म्हणून, आणि दाखवला तिथे पडला नाही म्हणून. त्यापेक्षा दोन्हीकडे पुसट पाऊस पसरला तर शिक्षा कमी. चुकीचा वर्ग (चूक गुणिले चूक) कमी करायला शिकवलेलं मॉडेल नेमकं हेच करतं, आणि अंदाज जितका पुढचा तितकं चित्र गुळगुळीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये युरोपात आलेल्या किआरान वादळाची जागा आणि एकूण बांधणी अशा मॉडेल्सनी चांगली पकडली. वाऱ्याचा कमाल वेग मात्र कमी दाखवला. नुकसान तर त्या वेगानेच होतं.

याच्या उलट "नुसती घोकंपट्टी आहे" म्हणणारेही चुकतात. पांगू-वेदर या हुआवेच्या एआय हवामान मॉडेलमध्ये संशोधकांनी विषुववृत्ताजवळ मुद्दाम सतत उष्णता घातली. असा प्रसंग त्याने कधी पाहिलेला नव्हता, तरी उमटलेल्या लहरी सिद्धांताला धरून होत्या. पण दुसऱ्या एका चाचणीत सुरुवातीच्या स्थितीत अगदी बारीक फरक केला, तेव्हा तो खऱ्या वातावरणासारखा झपाट्याने वाढलाच नाही.

"सुपरकॉम्प्युटर भंगारात." युरोपीय केंद्राने फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वतःचं एआय मॉडेल रोजच्या कामाला लावलं, पण जुन्याच्या जोडीला. कारण समजायला फोरकास्टनेट या आणखी एका एआय हवामान मॉडेलवरचा प्रयोग पुरेसा आहे. प्रशिक्षणातून तीव्र चक्रीवादळं वगळली, तर सर्वांत तीव्र, पाचव्या श्रेणीचं वादळ त्याला दाखवता येईना. गंमत म्हणजे, ती एकाच महासागरातली वगळून दुसऱ्यातली ठेवली, तेव्हा मात्र बऱ्यापैकी जमलं.