‘टायर कोणते घ्यावेत?’ असे विचारू नये

मोटारीचे टायर बदलण्याची वेळ आली की माझे वडील गाडी घेऊन नेहमीच्या दुकानात जात, दुकानदार जे टायर दाखवील ते बसवून घेत आणि येताना मंडईतून भाजीही घेऊन येत. तशीच गाडी बाळगणाऱ्या इतर लोकांचे या विषयावर काय मत आहे, हे त्यांना आयुष्यात कधी कळले नाही आणि त्यावाचून त्यांचे काही अडलेही नाही. आता तशी सोय उरलेली नाही. आता प्रत्येक गाडीच्या मालकांचा व्हॉट्सॲपवर एक समूह असतो, गाडी दारात येते न येते तोच कोणीतरी आपल्याला त्यात ओढून घेते आणि त्यानंतर वायपरचे पाते बदलण्याचा निर्णयसुद्धा माणसाला एकट्याने घेता येत नाही.

वळवाचे दोन थेंब पडलेल्या कात्रजच्या घाटात ब्रेक दाबल्यावर गाडी थांबण्यापूर्वी क्षणभर विचार करते आहे, असे मला जाणवले. घरी आल्यावर मी पुढच्या चाकापाशी उकिडवा बसलो. टायरच्या नक्षीतील खोबणीच्या तळाशी रबराच्या बारीक आडव्या पट्ट्या असतात आणि नक्षी झिजत झिजत त्या पट्ट्यांच्या पातळीला आली, म्हणजे खोली फक्त १.६ मिलिमीटर उरली, की कायद्याच्या दृष्टीनेही टायरचे आयुष्य संपते. मी अंगठ्याचे नख पट्टीवरून शेजारच्या नक्षीवर फिरवले. मध्ये कुठेही पायरी लागली नाही; नख काचेवरून जावे तसे पलीकडे गेले. शेजारून जाणाऱ्या वॉचमनने न विचारता निदान केले, ‘‘साहेब, गोटा झालाय.’’ येथपर्यंत सर्व ठीक होते. त्यानंतर मी समूहावर प्रश्न टाकला.

‘टायर कोणते घ्यावेत?’ हा प्रश्न असा मोघम विचारायचा नसतो, हे मला तत्काळ सांगण्यात आले. गाडीचे मॉडेल, वर्ष, इंधन, आजवरचे किलोमीटर, शहरात किती आणि महामार्गावर किती, घाट लागतो का, मागे कोण बसते आणि त्यांचे वजन काय, ही माहिती दिल्याखेरीज सल्ला देणे बेजबाबदारपणाचे ठरेल, असे नाशिकच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी लिहिले. कर्जाच्या अर्जाइतकी ती माहिती मी सविस्तर भरून पाठवली. ती वाचण्याच्या भानगडीत न पडता पुढच्या पाच मिनिटांत प्रत्येकाने स्वतःच्या गाडीला लावलेल्या टायरचे नाव लिहिले.

महाराष्ट्रात कुलदैवत जसे निवडायचे नसते, ते असते, तसेच टायरच्या कंपनीचे आहे. एमआरएफच्या भक्तांचे म्हणणे असे, की जी संस्था १९४६ साली मद्रासजवळ खेळण्यातले फुगे बनवत उभी राहिली, तिला हवा कशी धरून ठेवायची हे इतरांनी शिकवू नये. सिएटवाल्यांचा मुद्दा प्रादेशिक होता. कंपनी १९२४ साली इटलीतील ट्युरिन शहरात जन्मली असली, तरी आज तिचे मुख्यालय मुंबईत आहे आणि कारखाने भांडुप, नाशिक व नागपूर येथे आहेत, तेव्हा मराठी माणसाने दुसरीकडे पाहण्याचे कारणच नाही. त्यावर चाकणच्या एका अभियंत्याने ब्रिजस्टोनचा कारखाना आपल्या घरापासून किती जवळ आहे ते कळवले आणि छत्रपती संभाजीनगरच्या सभासदांनी वाळूजच्या गुडइयरची आठवण दिली. मिशेलिनचे उपासक संख्येने थोडे, पण आवाजाने सौम्य आणि किमतीने उंच. ते वाद घालत नाहीत, फक्त ‘एकदा लावून पाहा’ एवढेच लिहितात आणि अंतर्धान पावतात. सुमारे तासाभराने लक्षात आले, की टायर या वस्तूविषयी अद्याप कोणी काहीच बोललेले नाही.

मग एक सोलापूरचे डॉक्टर मुद्द्यावर आले. टायरच्या कडेवर जी अक्षरे व आकडे कोरलेले असतात, ते वाचण्याची विद्या त्यांना अवगत होती. माझ्या टायरवर ‘१८५/६५ आर १५ ८८ एच’ असे आहे. याचा अर्थ टायरची रुंदी १८५ मिलिमीटर, कडेची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, बांधणी रेडियल आणि रिम १५ इंचांची. ८८ हा भाराचा आकडा, म्हणजे एका टायरने ५६० किलो पेलावेत. आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. इतके लिहून डॉक्टर थांबले असते, तर मी त्यांचा जन्मभर ऋणी राहिलो असतो. परंतु त्यांनी पुढे असेही सुचवले, की सुरक्षिततेसाठी मी एचऐवजी व्ही घ्यावा, कारण तो ताशी २४० किलोमीटर सोसतो. समृद्धी महामार्गावर, म्हणजे ७०१ किलोमीटरच्या त्या सरळसोट रस्त्यावरही, मोटारीला १२०च्या वर जाण्याची परवानगी नाही. माझी गाडी बहुतेक वेळ कर्वे रस्त्यावर असते आणि तेथे संध्याकाळी सहा वाजता पायी चालणारा माणूस मला मागे टाकून, पुढच्या दुकानात चितळ्यांची बाकरवडी घेऊन, पुन्हा मला भेटतो. तरीही २४०चा मोह मला पडला, हे येथे नोंदवून ठेवतो.

तोवर दुसऱ्या एका सभासदाने रुंदी वाढवण्याचा आग्रह धरला होता. १९५ लावा, पकड वाढते. तिसऱ्याने कळवले, की १९५/६५ लावल्यास चाकाचा व्यास दोन टक्क्यांनी वाढेल, मग स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवील आणि मायलेजही पडेल. ‘मायलेज’ हा शब्द उच्चारला गेल्याबरोबर आतापर्यंत निद्रिस्त असलेले सर्व सभासद जागे झाले.

या गदारोळात मी जे थोडेफार शांतपणे वाचून काढले, त्याचे सार असे, की टायर बनवणारा माणूस कायम तीन गोष्टींच्या ओढाताणीत सापडलेला असतो. ओल्या रस्त्यावरची पकड, टिकाऊपणा आणि गाडी हलकी पळणे, म्हणजेच इंधनाची बचत. रबर मऊ केले की ते रस्त्याला धरते, पण लवकर झिजते. कडक केले की वर्षानुवर्षे टिकते, पण पावसात घसरते. रबरात सिलिका मिसळून ही भांडणे बरीच मिटवण्यात आली आहेत. तरी पूर्ण तडजोड अजून कोणाला साधलेली नाही. आमच्या समूहाला मात्र मऊ, कडक, शांत, चिवट आणि सर्वांत स्वस्त असा एकच टायर हवा असतो आणि तो आपल्याकडेच आहे, असे प्रत्येकाला प्रामाणिकपणे वाटते.

हा प्रामाणिकपणा मला पुष्कळ दिवस कोड्यात टाकत होता, कारण ही माणसे खोटे बोलणारी नव्हेत. मग त्याचा उलगडा झाला. आपण नवे टायर घेतो ते जुने गोटे झाल्यावरच. चाळीस हजार किलोमीटर घासलेल्या, कडक पडलेल्या, गुरगुरणाऱ्या टायरवरून माणूस थेट कोऱ्या करकरीत टायरवर येतो, तेव्हा त्याला कोणत्याही कंपनीचा टायर शांत आणि मऊच वाटणार. दोन कंपन्यांचे नवे टायर एकाच गाडीला आलटून पालटून लावून, एकाच ताम्हिणी घाटात, एकाच पावसात चालवून पाहिलेला सभासद आमच्याकडे एकही नाही. जो तो आपल्या नव्या टायरची तुलना आपल्याच म्हाताऱ्या टायरशी करतो आणि निकाल मात्र दुसऱ्याच्या कंपनीविरुद्ध लावतो. शिवाय वीस-बावीस हजार रुपये मोजून झाल्यावर ‘बरे आहेत’ एवढेच म्हणण्याइतके मोठे मन कोणाचे असते? हा शोध मी समूहावर लिहिणार होतो. पण मला त्या समूहात अजून गाडी विकेपर्यंत राहायचे आहे.

यानंतरचा वाद माझ्याशी संबंधित नव्हता, कारण मला चारही टायर बदलायचे होते. परंतु कोणीतरी ‘दोनच घेतले तर पुढे लावायचे की मागे?’ असे विचारले आणि रात्रीचे साडेअकरा वाजले. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना, वळणे पुढच्या चाकांना, ब्रेकचा मोठा भार पुढच्या चाकांवर. तेव्हा नवे पुढेच, असे बहुमत झाले. टायर बनवणाऱ्या कंपन्या मात्र नवी जोडी मागे लावायला सांगतात. पुढची चाके पाण्यावर घसरली, तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि वेग उतरला की पुन्हा ताब्यात येते. मागची घसरली, तर गाडी गिरकी घेते आणि सामान्य चालकाच्या हातात काहीच राहत नाही. हे एका तरुण सभासदाने अतिशय विनयाने लिहिले. ‘बाळा, मी तुझ्या जन्माच्या आधीपासून गाडी चालवतो,’ असे त्याला उत्तर आले. ॲडमिन महोदयांनी अखेर गट बंद केला, म्हणजे ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात’ अशी व्यवस्था केली, आणि सकाळी गणपतीच्या छायाचित्राने तो पुन्हा उघडला.

किमतीचा विषय मी जाणूनबुजून काढला नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्याआधीच्या ऑगस्टमध्ये पाचही टायर बदलून बसलेले एक गृहस्थ आमच्यात आहेत. त्यांच्यासमोर आम्ही अजूनही टायरचा भाव बोलत नाही.

दुकानात पाऊल ठेवताच मालकांनी माझ्या हातातील फोनकडे पाहिले. ‘‘साहेब, ग्रुपवर विचारून आलात ना?’’ मी मान हलवली. ‘‘मग बसा, चहा मागवतो. वेळ लागेल.’’ त्यांचा अंदाज बरोबर होता. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार अंक वाचावेत, अशी मला सक्त ताकीद होती. पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. ‘४८२५’ म्हणजे २०२५चा अठ्ठेचाळिसावा आठवडा. याचे छायाचित्र पाठवताच ‘शिळा माल आहे, घेऊ नका’ आणि ‘सावलीत ठेवलेला टायर काही महिन्यांत बिघडत नाही’ असे दोन संदेश एकाच क्षणी आले. इकडे काम करणारा मुलगा यंत्रावर चाक फिरवत, कडेला साबणाचे पाणी फासून नवा टायर रिमवर चढवत होता. कोऱ्या टायरवर रबराचे मऊ केस उभे होते आणि कडेला एक पिवळा ठिपका. तो ठिपका हवा भरायच्या व्हॉल्व्हपाशी यावा लागतो, कारण तेथे टायर सर्वांत हलका असतो, असे मला समूहाने शिकवले होते. मी तोंड उघडण्यापूर्वीच मुलाने टायर दोन बोटांनी सरकवून ठिपका व्हॉल्व्हशी आणला, हवा भरली, ठप्प असा आवाज होऊन कड रिमवर बसली, आणि त्याने ‘आउटसाइड’ हा शब्द बाहेरच्या बाजूला आहे ना, ते हाताने चाचपून पाहिले. त्याच्या खिशातला फोन सारखा वाजत होता. त्याने तो एकदाही काढला नाही.

नवे टायर कोणाचे, हे समूहावर सांगणे भाग होते. न सांगणे म्हणजे इतक्या लोकांच्या श्रमांचा अपमान. सांगावे, तर एक पंथ सुखावणार आणि उरलेले दुखावणार. नाशिकचे काका तर मला दोनदा फोन करून त्यांच्या कंपनीचे माहात्म्य सांगून चुकले होते. शेवटी मी चाकाचे छायाचित्र अशा कोनातून काढले, की रिम, नक्षी आणि माझ्या चपलेचा अंगठा तेवढा दिसावा, आणि खाली लिहिले, ‘सर्वांच्या मार्गदर्शनाने चारही टायर बदलले. माप मूळचेच ठेवले. अलाइनमेंट व बॅलन्सिंग केले. मनःपूर्वक आभार.’

पहिले उत्तर मिनिटाच्या आत आले. ते नाशिकच्या काकांचे होते. कंपनी त्यांनी विचारली नाही.

‘अभिनंदन. नायट्रोजन भरला की साधी हवा?’

साध्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो, असे त्या तरुण सभासदाने पुन्हा अतिशय विनयाने लिहिले, आणि वर ‘सोलापूरचे डॉक्टर टाइप करत आहेत’ अशी अक्षरे उमटली.